आयर्नमॅनची वही: एल्वार्ग आणि रात्रपाळीची लाईट

एल्वार्ग, म्हणजे माझ्या गेममधला ड्रॅगन, पडला एकदाचा. दुसऱ्या झटक्यात, पण पडला.

मागच्या नोंदीनंतर बरेच दिवस गेले. केळीच्या घडांना पिशव्या घालायचं काम निघालं होतं, त्यामुळं वही मागं राहिली. नव्या लोकांसाठी थोडक्यात: ओल्ड स्कूल रुनस्केप हा ऑनलाईन गेम, फुकटातलं खातं, आयर्नमॅन मोड. म्हणजे कुणाशी देवाणघेवाण नाही, ग्रँड एक्स्चेंजचा बाजार बंद. जे लागेल ते स्वतः पकडा, खणा, शिजवा, नाहीतर गेममधल्या दुकानातून घ्या. माझं पहिलं खातं २००६ सालचं, नांदेडच्या वजिराबादेतल्या एका कॅफेतलं. तिथल्या पीसीवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नव्हती, पण रुनस्केप ब्राउझरातच जावावर चालायचं, म्हणून कॅफेवाल्याला पत्ता लागत नव्हता. त्या खात्याचा पासवर्ड गेला, ईमेल गेला, सगळंच गेलं. २०१३ च्या फेब्रुवारीत गेम बनवणाऱ्या जाजेक्स कंपनीनं ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून जुना गेम परत उभा केला, तेव्हा पहिल्यांदा, गेम जिथून सुरू होतो त्या लंब्रिजच्या अंगणात उभा राहिलो आणि जुन्या शाळेत गेल्यासारखं वाटलं. भिंती त्याच, फक्त आपण मोठे झालेलो.

एल्वार्गला मारायची मोहीम म्हणजे ड्रॅगन स्लेअर. तिला उतरायला ३२ क्वेस्ट पॉइंट, म्हणजे आधीच्या मोहिमांचे गुण, लागतात. ते आधीच झाले होते. रोमिओ-ज्युलिएट आणि गॉब्लिन डिप्लोमसी या दोन्हींचे पाच-पाच पॉइंट म्हणजे फुकटची कमाई आहे, आधी त्याच उरका. याच ३२ पॉइंटांवर चॅम्पियन्स गिल्डचं दार उघडतं आणि वरच्या दुकानात रुन लाँगस्वोर्ड ही तलवार मिळते. आयर्नमॅननं ती स्वतः घडवायची म्हटली तर स्मिथिंग वाढवता वाढवता केस पांढरे होतील. घेऊन मोकळं व्हा.

खरी अडचण होती खाण्याची. ड्रॅगनसमोर ट्राउट घेऊन जाणं म्हणजे लग्नाला मुरमुरे घेऊन जाणं. लॉबस्टर १२ हिटपॉइंट, म्हणजे जीव, भरून देतो, म्हणून तो पकडायला करामजा बेट. फिशिंगची पातळी ४० वरून ५० वर न्यायचा हिशोब मी वहीत मांडला होता: ६४,१०९ एक्सपी (अनुभवाचे गुण), एका लॉबस्टरला ९०, म्हणजे ७१३ लॉबस्टर. पिशवीत २८ घरं. एक पिंजऱ्याला, एक नाण्यांना, उरले २६. म्हणजे २८ फेऱ्या. जहाजाचं भाडं जायला ३० नाणी, यायला ३०. फुकटवाल्यांना बेटावर बँक नाही. पलीकडच्या पोर्ट सरीम बंदरात उतरायचं, बँकेच्या डिपॉझिट बॉक्समध्ये माल टाकायचा, परत जहाज.

भाड्याची नाणी कुठून आणायची? बेटावरच्याच लुथासच्या केळीच्या बागेतून. दहा केळी तोडून खोक्यात भरली की ३० नाणी हातावर. अर्धापूरच्या माणसाला हे काम! दिवसभर घरच्या मळ्यात घड उतरवायचे, फण्या करायच्या, गाडी भरायची, आणि रात्री गेममध्ये परत केळीच. चुलतभाऊ पुण्याहून फोनवर हसून हसून बेजार. "दादा, तुला व्हर्च्युअल जगात पण मजुरीच?" म्हणाला. वर माझी तक्रार ही की लुथासला घड कळत नाही. एकेक सुटं केळ भरायला लावतो. आमच्या वखारीवर असं भरलं तर व्यापारी गाडी परत पाठवील.

बहुतेक फेऱ्या मळ्यात बसूनच झाल्या. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या आठवड्यात मोटर चालू करून ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला बसावंच लागतं. नुसतं बसलं की झोप येते, झोप आली की एका पट्ट्याला पाणी जास्त आणि दुसरा कोरडा. लॉबस्टर पकडणं या कामाला अगदी जुळतं. जागेवर टॅप केलं की पिशवी भरेपर्यंत फार बघावं लागत नाही. मासा जागा बदलतो तेव्हा फोन उचलायचा, व्हॉल्व्हची वेळ झाली की खाली ठेवायचा. स्टार्टरच्या पेटीशेजारी दगड आहे, त्यावर पोतं टाकून बसतो. विहिरीचा आवाज, मोटरचा आवाज, मधूनच कोल्हे. माय एकदा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काय करूलालास रे येवढ्या राती त्या मोबाईलात?" मी म्हणालो, खेकडे धरूलालो. ती काही बोलली नाही, चहा ठेवून गेली.

नेटचं विचाराल तर घाबरू नका. मळ्यात जर्मनीच्या वर्ल्डला, म्हणजे तिथल्या सर्व्हरला, माझा पिंग (जाऊन यायला लागणारा वेळ) कधी दोनशे, कधी तीनशे मिलिसेकंद. पण या गेमचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या टिकवर चालतं. तुम्ही कधीही टॅप करा, सर्व्हर पुढच्या टिकलाच ते धरतो. त्यामुळं तीनशे मिलिसेकंदांत आपलं फार काही जात नाही. आजच्या वेगवान गेममध्ये मी पहिल्या मिनिटात मेलेला असतो. इथं मात्र खेडं आणि शहर बऱ्यापैकी एका रांगेत.

शिजवण्यात मार खाल्ला. कुकिंग ४० ला लॉबस्टर शिजवता येतो, पण ७४ पर्यंत कधी ना कधी जळतोच. पहिल्या २६ पैकी ११ कोळसा झाले. मी चुलतभावाला फोटो पाठवला, त्यानं खाली लिहिलं, "माय रागावंल."

बाकी तयारी पटापट सांगतो. ड्रॅगन राहतो त्या क्रँडर बेटाच्या नकाशाचे तीन तुकडे. एक मेल्झरच्या भूलभुलैयात. तिथं रंगारंगाच्या किल्ल्या, शेवटी लेसर डीमन हा राक्षस. एक वर्मब्रेन गॉब्लिनकडं, पोर्ट सरीमच्या तुरुंगात. तो १०,००० नाणी मागतो. मी गजांबाहेरून बाण मारून त्याला पाडलं आणि टेलिकायनेटिक ग्रॅबच्या जादूनं तुकडा ओढून घेतला, दहा हजार काय झाडाला लागतात? तिसऱ्यासाठी बौन्यांच्या खाणीतल्या जादूच्या दाराला चार वस्तू दाखवाव्या लागतात: रेशीम, लॉबस्टरचा पिंजरा, न भाजलेला मातीचा वाडगा आणि विझार्ड्स माइंड बॉम्ब नावाची दारू. यादी ऐकून मला सत्यनारायणाच्या सामानाची चिठ्ठीच आठवली, फक्त दारू सोडून. मग २,००० नाण्यांचं जहाज, तीन फळ्या, ९० स्टीलचे खिळे. स्टीलच्या एका कांबीत १५ खिळे होतात, म्हणजे सहा कांबी, म्हणजे सहा लोखंड आणि बारा कोळसा. ड्रॅगनच्या आगीची ढाल लंब्रिजचा ड्यूक फुकट देतो. ती नसेल तर एका फुंकरीत खेळ खलास.

आता महत्त्वाचं. क्रँडरला उतरून गुहेत गेलात की लढाईच्या आधी चोरभिंत उघडा. ती करामजाच्या ज्वालामुखीत निघते, आणि पहिल्यांदा फक्त क्रँडरच्या बाजूनं उघडते. न उघडता मेलात तर परत यायला जहाज पुन्हा दुरुस्त करा. हे मला चुलतभावानं बजावलं होतं, म्हणून वाचलो.

पहिली लढाई घरी, लॅपटॉपवर, संध्याकाळी. माझी कॉम्बॅट (लढाईची) पातळी ५१: अटॅक ४०, स्ट्रेंग्थ ४३, डिफेन्स ४०. एल्वार्ग ८३. त्याची लाल पट्टी निम्म्याच्या खाली आणली, लॉबस्टर नऊ शिल्लक, मी मनात पेढे वाटायला लागलो, आणि लाईट गेली. डीपीच, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. लॅपटॉप चालू, राऊटर बंद. नेट तुटलं तरी लढाईतला माणूस लगेच गायब होत नाही, तिथंच उभा राहून मार खात राहतो. हॉटस्पॉट लावून आत शिरेपर्यंत माझा माणूस गेलेला. पहिल्यांदा मेलात तर साक्षात यमराज आपल्या ऑफिसात बसवून नियम समजावतो: तीन महागड्या वस्तू जवळ राहतात, बाकीचं थडग्यात, १५ मिनिटांत घेऊन जा. डीपीच्या कंत्राटदारापेक्षा हा यम बरा, निदान मुदत तरी सांगतो.

पळालो. लंब्रिजच्या माडीवर ड्यूककडून नवी ढाल, वरच्या मजल्यावरच्या बँकेतून ३० नाणी आणि उरलेसुरले लॉबस्टर, पोर्ट सरीम, जहाज, ज्वालामुखी, चोरभिंत. वाटेत लेसर डीमननं चार लॉबस्टर खायला लावले. थडगं गाठलं तेव्हा वेळ शिल्लक होती, पण माझे हात थरथरत होते. सामान घेतलं आणि निमूट परत फिरलो. त्या दिवशी परत लढलो नाही.

दुसरी लढाई रात्रपाळीच्या आठवड्यात, मळ्यात, फोनवर. बॅटरी शंभर टक्के, मोबाईल डेटा, वाय-फाय बंद. शेवटचा व्हॉल्व्ह फिरवला, दोन तास मोकळे. रुन लाँगस्वोर्ड, ढाल, २२ लॉबस्टर. एक नियम ठरवून गेलो होतो: हिटपॉइंट २५ च्या खाली गेले की खा, मोह नको. चार लॉबस्टर उरले असताना तो कोसळला. मुंडकं घेतलं आणि एजव्हिल गावात, ड्रॅगनवर पाठवणाऱ्या ओझिआकला नेऊन दाखवलं. स्ट्रेंग्थ आणि डिफेन्सला १८,६५०-१८,६५० एक्सपी: स्ट्रेंग्थ ४६, डिफेन्स ४४. मी जोरात ओरडलो, तर शेजारच्या मळ्यातून बॅटरीचा उजेड पडला आणि आवाज आला, "काय झालं रं, डुक्कर शिरलं का?"

आता रुन प्लेटबॉडी हे चिलखत घालायची मुभा आहे, पैसे नाहीत. कच्चे लॉबस्टर पोर्ट सरीमच्या मासेवाल्याला विकून जमवायचे, म्हणजे परत करामजा. पुढचा आठवडा दिवसाच्या लाईटचा आहे, त्यामुळं पुढची नोंद त्याच्या पुढच्या आठवड्यात. आणि राऊटर आता इन्व्हर्टरवर घेतला आहे.