तुमचा किल्ट कुठल्या घराण्याचा?

किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा कमरेभोवती गुंडाळायचा, गुडघ्यापर्यंतचा चुणीदार चौकडीचा पोशाख. ग्लासगोत हा प्रश्न मला स्कॉटिश माणसांपेक्षा आपली मराठी मंडळीच जास्त विचारतात. त्याच्या मागोमाग दुसरा येतो: मलाही घ्यायचाय, लग्नातही चालेल आणि रग्बीच्या मॅचलाही घालता येईल असा कुठला घेऊ? दुसऱ्याचं उत्तर मी आनंदाने देतो आणि पहिल्याला बगल देतो. तुम्ही विचारतच राहता, म्हणून आता दोन्ही सांगतो.

आधी सोपं. एकच किल्ट दोन्हीकडे चालतो, कारण थाट किल्टचा नसतो, त्याच्याबरोबर काय घालता त्याचा असतो. प्रिन्स चार्ली जॅकेट, बो टाय, कमरेच्या साखळीला फरचा स्पोरन (पुढे लटकणारी पिशवी), गुडघ्याखालपर्यंत लोकरी मोजे, लांब लेसचे गिली ब्रोग बूट, की लग्नाची तयारी झाली. तोच किल्ट, वर जाड स्वेटर, साधा चामडी स्पोरन, घोट्यापर्यंत गुंडाळलेले मोजे आणि रोजचे बूट, की एडिंबरोच्या मरेफील्ड रग्बी मैदानावर चला. म्हणून किल्टचा रंग असा हवा की तो कुठेच आरडाओरडा करणार नाही. किल्टच्या चौकडीच्या नमुन्याला टार्टन म्हणतात आणि बऱ्याच कुळांचा आपापला टार्टन असतो. पांढऱ्या पार्श्वभूमीचा ‘ड्रेस’ टार्टन स्वेटरखाली विचित्र दिसतो, रॉयल स्टुअर्टचा भडक लाल मॅचला खपतो पण जेवणाच्या टेबलावर सगळं लक्ष खेचून घेतो. गडद हिरवे, निळे, किंवा ‘वेदर्ड’ म्हणतात ते विटके मातकट रंग घ्या.

कापड शुद्ध लोकरीचं, आठ वार. वजन वाराला १६ औंस असेल तर चुण्या वाऱ्यात उडत नाहीत आणि पावसातही घडी सोडत नाहीत. १३ औंसही चांगलं. एडिंबरोच्या रॉयल माइल रस्त्यावर पर्यटकांना विकतात ते ॲक्रिलिक घेऊ नका. आणि जीन्सचं माप सांगू नका. किल्ट बेंबीशी बसतो आणि गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध संपतो. चांगला शिवणारा चुणीआड चुणी अशी घालतो की पाठीमागे चौकडीचा नमुना अखंड पुन्हा उमटतो. आठ वार कापड आत गडप झालेलं असतं आणि बाहेरून एक रेघही तुटलेली दिसत नाही. याला ‘स्कर्ट’ म्हणणाऱ्यांनी एकदा ते काम हातात घेऊन बघावं.

आता घराणं. राजघराण्यासाठी राखलेल्या बाल्मोरलसारखा एखादा सोडला तर कुणी कुठला टार्टन घालावा यावर बंधन नाही. कुळागणिक टार्टन ही रीतही बरीचशी १८२२ नंतर पक्की झाली, चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा थाट उभा केला तेव्हापासून. हे सगळं वाचून मी दुकानात गेलो होतो. कापड म्हणजे कापड, अशी माझी ठाम समजूत होती.

दुकानदार म्हातारे होते, स्वतः शिवणारे. नमुन्यांच्या गठ्ठ्यातून मी मॅकेन्झी कुळाचा टार्टन काढला. गडद हिरवा, गडद निळा, काळा, आणि त्यातून गेलेली एक बारीक पांढरी आणि एक बारीक लाल रेघ. जॅकेटखाली तो जवळजवळ काळा दिसतो, उन्हात हिरवा होतो. दोन्ही कामांना याहून चांगला टार्टन मी आजवर पाहिलेला नाही. माझी आवड बघून म्हातारे खूश झाले. त्यांचे वडील हायलँड लाइट इन्फन्ट्रीत होते, ग्लासगोची पलटण, तिचाही टार्टन हाच. भिंतीवर चौकटीत वडिलांच्या टोपीचा बिल्ला होता. जवळ जाऊन बघितला. खाली एक हत्ती कोरलेला आणि त्याच्यावरच्या पट्टीत अक्षरं: असई.

माझं आजोळ भोकरदन तालुक्यातलं. असई तिथून जवळ. केळणा आणि जुई या नद्यांच्या मधली ती जमीन मी लहानपणी मामांबरोबर तुडवलेली आहे. नांगरताना तोफेचे गोळे निघायचे, असं मामा सांगायचे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रज सेनापती वेलस्लीशी लढली आणि हरली. नदीच्या बाजूने शिंद्यांच्या तोफांवर चालून गेली ती ७८ वी हायलँडर्स ही दुसरी स्कॉटिश पलटण, १७९३ साली मॅकेन्झींच्या सरदाराने उभी केलेली. तिचा टार्टन मी हातात धरला होता. गोलंदाजांपैकी कित्येक जण मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले, पलटण पुढे गेल्यावर उठले आणि मागून त्याच तोफा डागू लागले. वेलस्लीला ७८ वी माघारी फिरवून त्या पुन्हा घ्याव्या लागल्या. दुसऱ्यांदा त्या गोलंदाजांना कुणी सोडलं नाही.

म्हातारे टेप घेऊन उभे होते. मी त्यांना एवढंच म्हणालो, की माझ्या आईचं गाव तिथे आहे. त्यांनी बिल्ल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नमुना माझ्या हातातून हळूच काढून घेतला. दुसरा घेऊन या असं मी म्हटलं नव्हतं, तरी त्यांनी स्वतःच दुसरा गठ्ठा उघडला.

तेव्हाच्या माझ्याशी मी अजून भांडतो. पगार याच देशाचा घेतोस, राहतोस इथे, मुलं इथल्या शाळेत, तिथे कुठे असई आड आली? आणि ते हायलँडर तरी कोण होते? १७४६ च्या कायद्याने त्यांच्याच माणसांना हा पोशाख घालायला बंदी झाली, ती १७८२ पर्यंत टिकली. सूट होती फक्त सैन्यात भरती होणाऱ्याला. शिवाय वेलस्लीच्या बाजूने मद्रासचे शिपाईही लढलेच. त्यांच्यावर कुठे राग धरलास? या सगळ्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: बाकीचं सगळं आजूबाजूला आहे, हे अंगावर घालायचं होतं. उत्तर अपुरं आहे, मला माहीत आहे.

मी आइल ऑफ स्काय घेतला, स्काय या स्कॉटिश बेटाच्या नावाचा टार्टन. जांभळट, हिरवट, राखी, हेदर या जांभळ्या फुलांच्या रानझुडपाने भरलेल्या तिथल्या डोंगरांचे रंग. स्कायचं मूळ असलेल्या एका ऑस्ट्रेलियन बाईंनी तो १९९० च्या दशकात आखला. कुठल्या कुळाचा नाही, कुठल्या पलटणीचाही नाही. तर माझा किल्ट कुठल्याच घराण्याचा नाही. लग्नांत घातला, मॅचला घातला, गणपतीच्या आरतीलाही घातला, सगळीकडे शोभला. तरी एखाद्या सभागृहात पलीकडे कुणी मॅकेन्झी घातलेला दिसला की माझी नजर तिथेच जाते, आणि तो माझ्यापेक्षा चांगला दिसतो.

अलीकडेच नांदेडचा एक मुलगा मित्राच्या लग्नासाठी किल्ट घ्यायचा म्हणून आला. नमुने बघून त्यानेही मॅकेन्झीवरच बोट ठेवलं. मी असईची सगळी गोष्ट सांगितली. त्याने नीट ऐकली आणि विचारलं, “दादा, मी हा घेतला तर तुम्हाला वाईट वाटेल?” मी म्हटलं, वाटेल, पण तुला आवडला असेल तर घे. १६ औंसाचाच सांग, आणि लग्नाच्या बरेच आठवडे आधी सांग, हाताने शिवायला वेळ लागतो.