उन्हातले सेल

बेळगावजवळच्या खानापूरच्या आमच्या घरात ट्रान्झिस्टरची जागा ठरलेली. माजघराच्या कोनाड्यात, भोकाभोकांच्या चामडी कव्हरात. दिवसा सांगली नाहीतर धारवाड. एका काट्यावर दोन्ही सुखाने नांदायची, सीमावाद फक्त बातम्यांत.

खरी गंमत अंधार पडल्यावर. आबा शॉर्टवेव्हवर श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावायचे. लावायचे म्हणजे बोटाच्या टोकाने चाक केसभर पुढे, केसभर मागे. गाणं रंगात यायचं आणि नेमकं अंतऱ्याला पाण्यात बुडाल्यासारखं थरथरत विरायचं. वर यायचं ते थेट पुढच्या कडव्याला. “सेल उतरलं बघ,” आबांचं निदान. सकाळी सेल अंगणात, आजीच्या पापडांशेजारी उन्हात. रात्री पुन्हा तेच. मग तांब्याची तार कौलांवरून माडापर्यंत. तरी तेच. शेवटी पेटीला दोन थपडा, आणि आवाज परत! तो आपसूकच यायचा होता, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

सिलोनचं गाणं आमच्याकडे सरळ येत नव्हतंच. वर दोन-अडीचशे किलोमीटरवर आयनांबराचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा एक थर आहे, त्यावरून वळून ते खाली उतरायचं. सूर्य मावळला की या थराचा खालचा भाग भराभर विरळ होतो, वरचा दाटच राहतो. तेलावर पाणी ओतावं तसं. मग खालचं विरळ बुडबुडे होऊन वर उसळतं, कधीकधी शेकडो किलोमीटर. आरसाच असा खदखदू लागल्यावर गाणं धड कसं उतरणार? ही खदखद पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपास होते आणि ते भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, म्हणजे सिलोन ते खानापूर वाट नेमकी या खदखदीतून. त्यातही मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जोर जास्त.

हे बुडबुडे चक्क दिसतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा कॅमेरा रात्रीच्या आकाशाचा मंद तांबडा उजेड टिपतो. डोळ्यांना तो दिसत नाही. फोटोत मात्र दक्षिणोत्तर काळे पट्टे उमटतात आणि रात्रभर पूर्वेकडे सरकतात. एवढ्या उंचीवरचं आकाश म्हटल्यावर आमचं बेळगाव-खानापूरही त्याच चौकटीत येतं. तिथे कोण कुठल्या राज्यात हे विचारत नाहीत.

तसला एक फोटो मोबाइलवर आजीला दाखवला. सगळं समजावलं. आजीने चष्मा पुसून दोनदा पाहिला.

“म्हणजे सेलासाठी माझं पापड उगाच सरकवायचे की रे ते!”