लास वेगासची मॅजिककॉन: फी किती, बक्षीस किती आणि हातात किती

वेगासच्या मॅजिककॉनला, म्हणजे ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्ड गेमच्या मेळाव्याला, जायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘बक्षीस किती आहे?’ त्याच्याही आधी विचारायला हवं ते हे, की बक्षीस कशात मिळतं. डॉलरमध्ये, टिक्समध्ये (बक्षिसाची कुपनं), बंद बूस्टरमध्ये (कार्डांची पाकिटं) की पुढच्या स्पर्धेच्या आमंत्रणात? चारही गोष्टी एकाच हॉलमध्ये, शेजारशेजारच्या टेबलांवर वाटल्या जातात, आणि चौघींचा हिशेब वेगळा आहे.

ज्या आकड्यांनी डोळे दिपतात ते आपल्या टेबलांवरचे नसतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये इथे जागतिक अजिंक्यपद झालं. एकूण बक्षीस 10 लाख डॉलर, विजेत्या हाविएर डोमिंगेझला 1 लाख. 2025 च्या जूनमध्ये इथेच फायनल फँटसी या कार्ड-संचाची प्रो टूर (निवडक अव्वल खेळाडूंची स्पर्धा) झाली, एकूण 5 लाख डॉलर, विजेत्या केन युकुहिरोला 50 हजार. दोन्हीकडे विजेत्याचा वाटा एकूण रकमेच्या एक दशांश. या स्पर्धा आमंत्रितांच्या आहेत, प्रवेश फी नाही, आणि पैसा मॅजिक काढणारी विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनी आपल्या खिशातून घालते. दोरीच्या अलीकडे, जिथे कोणीही पैसे भरून बसू शकतो, तिथे गणित उलटं आहे: खेळाडूंनी भरलेल्या फीमधूनच हॉलचं भाडं, जज मंडळींचं मानधन, बूस्टर आणि बक्षिसं निघतात. त्यामुळे भरलेल्या पैशांपेक्षा कमीच परत येणार हे गृहीत धरून निघावं. किती कमी, हे मात्र बसण्याआधी काढता येतं आणि ते काढावंच.

आधी फीचं. इथे दोन वेगळे खर्च असतात. हॉलमध्ये शिरायला बॅज लागतो, एका दिवसाचा किंवा तिन्ही दिवसांचा, आणि प्रत्येक स्पर्धेचं तिकीट त्याहून वेगळं. बॅज काढला म्हणजे खेळायची सोय झाली असं समजून येणारे दर वेळी भेटतात. महागडा ब्लॅक लोटस बॅज घेतला तरी त्यात नेमकं काय धरलंय ते ओळ न ओळ वाचा. मोठ्या ओपनची (कोणीही फी भरून उतरू शकतो अशा स्पर्धेची) तिकिटं ऑनलाइन सुटतात आणि लवकर संपतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा म्हणजे उन्हाळी वेळेत आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळी वेळेत साडेअकरा. कार्ड आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठी आधीच चालू करून ठेवा आणि बँक विनिमयावर किती टक्के मार्क-अप लावते तेही पाहा. तो साडेतीन टक्के असेल तर प्रत्येक तिकीट तेवढ्याने महाग.

ड्राफ्ट आणि सील्ड, म्हणजे तिथेच पाकिटं फोडून डेक (खेळायचा कार्डांचा गठ्ठा) बांधायच्या स्पर्धा, यांची फी मोठी दिसते, कारण त्या फीत बूस्टर आलेले असतात. ड्राफ्टला 3 प्ले बूस्टर, सील्डला 6. 2025 पासून कंपनीने पुन्हा छापील किंमत जाहीर करायला सुरुवात केली. त्या वर्षी नेहमीच्या संचाचा प्ले बूस्टर 5.49 डॉलरचा होता, फायनल फँटसीचा 6.99 चा. म्हणजे त्या दराने नेहमीच्या ड्राफ्टमध्ये 16.47 डॉलरचा माल आपल्या हातात येतो, सील्डमध्ये 32.94 चा. फीतून हा आकडा वजा करा. उरतं ते खरं शुल्क, आणि बक्षिसाची तुलना त्याच्याशी करायची. स्वतःचा डेक घेऊन बसायच्या स्पर्धेत असा माल मिळत नाही, तिथे पूर्ण फी हेच शुल्क.

आता टिक्स. साइड इव्हेंटची (दिवसभर चालणाऱ्या छोट्या स्पर्धांची) बहुतेक बक्षिसं टिक्समध्ये असतात. ती घेऊन प्राइज वॉलवर (बक्षिसांच्या काउंटरवर) जायचं आणि बूस्टर, बॉक्स, प्लेमॅट, सुटी कार्डं घ्यायची. टिक्सला स्वतःची किंमत नाही, वॉलवर काय लटकलंय त्यावर ती ठरते. म्हणून हॉलमध्ये शिरल्यावर पहिलं काम वॉलचा फोटो काढण्याचं. साध्या प्ले बूस्टरला किती टिक्स मागतात ते बघा आणि छापील किंमतीला त्या आकड्याने भागा.

एक उदाहरण पुरेसं आहे. आकडे कल्पित आहेत, पण पद्धत कुठेही लागू पडते. समजा आठ जणांचा पॉड (आपसांत खेळणारा छोटा गट), फी 20 डॉलर, हरला तो बाहेर अशा 3 फेऱ्या. विजेत्याला 400 टिक्स, दुसऱ्याला 200, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांना 50-50. वॉलवर 5.49 चा बूस्टर 50 टिक्सला. म्हणजे एक टिक साधारण 11 सेंटची. आठ जणांनी मिळून भरले 160 डॉलर, वाटले गेले 700 टिक्स, म्हणजे जवळपास 77 डॉलर. परतावा 48 टक्के. सगळे खेळाडू तोडीस तोड असतील तर प्रत्येकाला सरासरी 9.60 डॉलर परत येतात आणि 10.40 जातात.

‘पण मी चांगला खेळतो’ असं म्हणणाऱ्याने पुढची पायरीही करून पाहावी. दहापैकी सहा सामने जिंकणाऱ्याला या पॉडमधून सरासरी 14 डॉलरच्या आसपास मिळतात. दहापैकी सात जिंकणाऱ्याला, आणि असे खेळाडू फार थोडे, साडेएकोणीस. म्हणजे हॉलमधला उत्तम खेळाडूसुद्धा इथे जेमतेम बरोबरीत सुटतो. यात वाईट काही नाही. अडीच-तीन तास मनासारखा खेळ, चांगले प्रतिस्पर्धी आणि शेजारी जज, याचे हे दहा डॉलर. फक्त त्याला कमाई समजू नका. कमांडरच्या (सहसा चौघांनी मिळून खेळायच्या प्रकाराच्या) पॉडमध्ये हे आणखी सरळ दिसतं: तिथे बसणाऱ्या सगळ्यांनाच थोड्या टिक्स मिळत असतील, तर जिंकणाऱ्याचा वाटा त्याच प्रमाणात लहान होतो. नवख्याने तिथून सुरुवात करावी, पैसे तुलनेने हळू जातात.

मोठ्या ओपनमध्ये बक्षिसाचा तक्ता दोन तऱ्हांचा असतो आणि फरक फार मोठा आहे. एका तऱ्हेत किती सामने जिंकले त्यावर बक्षीस ठरतं. मग 7-2 वाले सगळे सारखे. दुसऱ्या तऱ्हेत अंतिम क्रमांकावर ठरतं, आणि तिथे टायब्रेकर येतो. पहिला टायब्रेकर म्हणजे आपल्या प्रतिस्पर्ध्यांनी किती टक्के सामने जिंकले. पहिल्याच फेरीत हरलात तर पुढचे प्रतिस्पर्धी तुलनेने कमजोर मिळतात आणि ही टक्केवारी खाली राहते. त्यामुळे सारख्याच गुणांवर एकजण पैशांच्या आत आणि दुसरा बाहेर, हे प्रत्येक ओपनमध्ये घडतं. तक्ता क्रमांकाचा असेल तर फेरी सुरू होण्यापूर्वी क्रमवारी बघून ठेवा. शेवटच्या फेऱ्यांमध्ये बरोबरी परवडते का, हे तिथूनच कळतं.

वेळेचा हिशेब करून मगच शनिवार-रविवारची तिकिटं काढा. नियमपुस्तिकेच्या तक्त्यानुसार 227 ते 409 खेळाडू असतील तर स्विसच्या (कोणी बाद न होता सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावायच्या पद्धतीच्या) 9 फेऱ्या सुचवलेल्या आहेत. फेरी 50 मिनिटांची, वर जादा पाच टर्न, निकाल, पुढच्या जोड्या. धरा 70 मिनिटं. नऊ फेऱ्या म्हणजे साडेदहा तास. सकाळी नऊला बसलेला माणूस संध्याकाळी साडेसातला उठतो, आणि उन्हाळ्यात तेव्हा भारतात सकाळचे आठ झालेले असतात. मुंबईहून आदल्या दिवशी उतरलेला खेळाडू म्हणजे रात्रभर जागून खेळतोय. सहाव्या-सातव्या फेरीत ट्रिगर (कार्डाचा आपोआप सुरू होणारा परिणाम) विसरणं, जमिनीचं कार्ड खेळायचं राहणं, हे इथूनच येतं. शुक्रवारी खेळायचं असेल तर मंगळवारी, फार तर बुधवारी पोहोचा. आणि ओपनमध्ये टिकून दुसऱ्या दिवशीही खेळण्याची आशा असेल तर त्या दिवसाची साइड तिकिटं आधी घेऊ नका. पैसे सहसा परत मिळत नाहीत, आणि तेव्हाचे तेव्हा भरणारे पॉड दुपारपर्यंत पटापट भरतात. रात्री उशिरा मात्र आठवा खेळाडू मिळता मिळत नाही.

पैसे जाण्याची सगळ्यात वाईट जागा मात्र वेगळीच आहे. बक्षीस वाटून घेण्याबद्दल बोललेलं एक चुकीचं वाक्य. स्विसची शेवटची फेरी आहे, जिंकणारा टॉप एटमध्ये (बाद फेऱ्या खेळणाऱ्या पहिल्या आठांत) जाणार आणि समोरच्याला त्याचा काही उपयोग नाही. अशा वेळी ‘तू सोड, मिळेल त्यातले अर्धे तुला’ असं म्हणणं ही नियमांनुसार लाच आहे. घेणारा, देणारा दोघेही अडकतात. सामना जातो, आणि जाणूनबुजून केलंय असं जजला वाटलं तर थेट स्पर्धेबाहेर. नाणं उडवून किंवा फासा टाकून निकाल ठरवणंही तसंच. आपल्याकडे दुकानातल्या शुक्रवारच्या खेळात ‘अरे वाटून घेऊ ना’ हे सहज निघून जातं, म्हणून ही सवय घरून निघतानाच सोडा.

मग काय चालतं? ‘बरोबरी घेऊया का?’ एवढंच विचारणं चालतं, बदल्यात काही देऊ केलं की संपलं. आपल्या अजून हातात न आलेल्या बक्षिसाचा वाटा मित्राला द्यायचं ठरवणंही चालतं, मात्र त्याचा कोणत्याही सामन्याच्या निकालाशी किंवा कोणी स्पर्धा सोडण्याशी संबंध नको. बाद फेऱ्यांमध्ये बक्षीस फक्त रोख, दुकानाचं क्रेडिट, टिक्स किंवा बंद मालाचं असेल, तर आयोजकांच्या परवानगीने उरलेले सगळे खेळाडू मिळून समसमान वाटणी करू शकतात. एकानेही नाही म्हटलं तर नाही. अंतिम सामन्यात दोघांना हवी तशी वाटणी ठरवता येते, मग एकाने स्पर्धा सोडायची आणि क्रमांक त्याप्रमाणे लागतात. बक्षिसात प्रो टूरचं आमंत्रण असेल तर ते वाटता येत नाही, म्हणून ही अंतिम सामन्याची तरतूद तिथे फार कामी येते: एकजण आमंत्रण घेतो, दुसरा पैसे. पण तोंड उघडण्याआधी जजला बोलवा, टेबलापासून बाजूला न्या आणि काय विचारायचंय ते त्याला विचारा. त्याबद्दल कोणी शिक्षा करत नाही.

बाकीच्या शिक्षा किरकोळ वाटतात, पण फी बुडवतात. फेरी सुरू झाल्यावर जागेवर नसलात तर एक गेम गेला, दहा मिनिटं उलटली तर सामना. हॉल एवढा मोठा आहे की वॉलच्या रांगेतून टेबल गाठायलाच पाच-सात मिनिटं लागू शकतात. डेकची यादी ऑनलाइन भरताना साइडबोर्डची (राखीव) 15 कार्डं पुन्हा मोजा. स्लीव्ह (कार्डांवरची प्लास्टिकची आवरणं) नवी घाला आणि एक पाकीट जास्तीचं ठेवा. सातव्या फेरीपर्यंत कोपरे वाकतात, आणि वाकलेल्या स्लीव्ह नेमक्या जमिनींच्या निघाल्या तर जजला ते खुणेचं कार्ड दिसतं. डेक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात कधीही नको.

राहण्याबद्दल थोडक्यात. मॅजिककॉन जिथे भरते त्या कन्व्हेन्शन सेंटरला वेस्टगेट हॉटेल लागून आहे. स्ट्रिपवर (मोठ्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर) राहायचं तर मोनोरेलच्या स्टेशनजवळचं हॉटेल बघा, कन्व्हेन्शन सेंटरचं स्वतःचं स्टेशन आहे. मोनोरेल विमानतळावर जात नाही. हॉटेलच्या जाहीर दरावर रिसॉर्ट फी आणि खोलीचा कर वेगळा लागतो का, ते बुक करतानाच पाहा. चौघांनी मिळून खोली घेतली तर हा भार निम्म्याहून खाली येतो. हवा कोरडी, हॉल थंडगार: पाण्याची बाटली आणि अंगावर घ्यायला काहीतरी. हॉलमधलं खाणं महाग आणि शाकाहारी पर्याय थोडे, म्हणून चकली-भडंग बॅगेत असू द्या, पण खाऊन हात पुसल्याशिवाय कार्डांना हात लावू नका.

सोबत दुसरे खेळ खेळणारे कोणी असतील तर त्यांना हा हिशेब जसाच्या तसा लागू नाही. पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेत, 2024 मध्ये होनोलुलूला, कार्ड गेमच्या मास्टर्स (सर्वांत मोठ्या वयाच्या) गटाच्या विजेत्याला 50 हजार डॉलर मिळाले. यु-गी-ओ या कार्ड गेमच्या वायसीएस नावाच्या मोठ्या स्पर्धांमध्ये बरीच वर्षं रोख बक्षीसच नव्हतं. मिळायची ती दुर्मीळ बक्षीस-कार्डं, मॅट आणि आमंत्रणं, आणि अशा बक्षिसांची किंमत विकायला काढल्यावरच कळते.

टिक्स रविवारपर्यंत साठवू नका. शेवटच्या दुपारी वॉलवर चांगला माल उरत नाही आणि रांग मात्र सर्वांत लांब. शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळेला गेलात तर निवड आणि वेळ दोन्ही मिळतात. बॉक्सपेक्षा सुटी कार्डं परतीच्या सामानाला बरी. एका प्ले बूस्टर बॉक्समध्ये सहसा 30 पाकिटं असतात आणि जागा खातात.

रोख बक्षीस लागलं तर ते टेबलावर मिळत नाही. आधी कराचा फॉर्म, मग ऑनलाइन पैसे. अमेरिकेच्या कराच्या दृष्टीने परदेशी असणाऱ्याला डब्ल्यू-8 बेन भरावा लागतो आणि 30 टक्के तिथेच कापले जातात. तिथे शिकायला गेलेली मुलंही पहिली पाच कॅलेंडर वर्षं बहुधा याच गटात मोडतात. नोकरी करणारे आणि कराच्या दृष्टीने रहिवासी ठरलेले डब्ल्यू-9 भरतात. भारतात राहणाऱ्यांसाठी कार्ड गेममधली कमाई सहसा 30 टक्के अधिक 4 टक्के सेस, म्हणजे 31.2 टक्क्यांच्या सदरात धरली जाते, आणि त्यातून फी, विमान, हॉटेल यातलं काहीही वजा होत नाही. 1,000 डॉलर जिंकले तर तिथे 300 कापले, इथे देणं 312. तिथल्या कराचं क्रेडिट मिळालं तर वरचे 12 च भरायचे आणि हातात 688 उरतात. क्रेडिट राहून गेलं तर 388. त्यासाठीचा वेगळा ऑनलाइन फॉर्म रिटर्नच्या हिशेबात धरा, तिथल्या कपातीचा कागद मागून घ्या आणि सीएला आधी दाखवा. नोंदणीतलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. मधलं नाव एकीकडे असेल आणि दुसरीकडे नसेल, तर पैसे तिथेच अडकू शकतात. पॅन क्रमांक जवळ ठेवा, डब्ल्यू-8 बेनमध्ये परदेशी कर क्रमांकाच्या रकान्यात तोच लिहायचा असतो.