रेषेपासून तीन मैल डावीकडे : समांतर ट्रॅकवर उडताना

गेल्या आठवड्यात चार आसनांच्या, एका इंजिनाच्या विमानातून आम्ही दोघे वैमानिक किनाऱ्याने निघालो आणि डोंगररांग धरून परतलो. हवा स्वच्छ होती, उड्डाण व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघत करायचं होतं. जीपीएसमधलं पॅरलल ट्रॅक हे फीचर (अख्खी मार्गरेषा हवे तितके मैल बाजूला समांतर सरकवणं, म्हणजेच ऑफसेट) इतकी वर्षं मी मेनूत नुसतं बघत आलो होतो. या वेळी ते मुद्दाम वापरायचं ठरवलं.

जाताना एक मोठा उपसागर लागतो. दोन वेपॉइंट (मार्गावरचे ठरवलेले बिंदू) जोडणारी सरळ रेषा त्याच्या तोंडावरून जाते आणि मधोमध जमीन सात नॉटिकल मैल लांब राहते. साडेचार हजार फुटांवरून आमचं विमान इंजिनाशिवाय, वारा नसताना, जेमतेम साडेसहा मैल तरंगत जातं. म्हणजे मधली काही मिनिटं इंजिनाच्या भरवशावर काढायची. प्लॅनला हात न लावता अख्खी रेषा तीन मैल डावीकडे, जमिनीच्या बाजूला सरकवली. आता जमीन जास्तीत जास्त चार मैलांवर. हेच अंदाजाने डावीकडून उडून साधलं असतं, पण मग रेषा कुठल्या बाजूला आहे हे दाखवणारी सुई आणि ऑटोपायलट दोन्ही मूळ रेषेकडे ओढत राहतात. सरकवलेल्या रेषेवर मात्र ती तुमच्या बाजूने काम करतात.

रेषा सरकवायच्या आधी ऑटोपायलट हेडिंगवर, म्हणजे तुम्ही दिलेली दिशा धरणाऱ्या मोडवर घ्या. बटण दाबताक्षणी सुई डावीकडे टोकाला जाऊन चिकटली, कारण आमच्या उपकरणात वाटेत असताना रेषेपासून दोन मैलांवरच सुई टोकाला पोचते आणि आम्ही तीन मैल बाहेर होतो. अशा वेळी नॅव्ह मोड (जीपीएसची रेषा धरणारा) चालू असेल तर विमान कसं वळेल हे त्या ऑटोपायलटवर अवलंबून. आम्ही तीस अंश डावीकडे वळलो आणि सुई हलायला लागल्यावर नॅव्ह लावला. तीस अंशांच्या कोनात तीन मैल सरकायला सहा मैल उडावं लागतं, आमच्या ११० नॉट वेगाला सव्वातीन मिनिटं. म्हणून पाणी सुरू व्हायच्या बरंच आधी, जमिनीवरून उडत असतानाच सुरुवात करा. शिवाय नवी रेषा कुठल्या प्रतिबंधित क्षेत्राला घासत नाही ना, हे आदल्या रात्रीच नकाशावर पाहून ठेवा.

खरा धडा परतीला मिळाला. रांगेच्या माथ्यावरून जाणारी रेषा दोन मैल उजवीकडे घेतली, कारण वारा उजवीकडून येत होता. वाऱ्याच्या बाजूला हवा वर उचलते, आडोशाच्या बाजूला खाली दाबते. हा भाग सुरेख गेला. पण पुढच्या वेपॉइंटला सत्तर अंशांचं उजवं वळण होतं. आतल्या बाजूला सरकवलेली रेषा वळणापाशी आखूड होते. दोन मैलांच्या सरकवण्याला आणि सत्तर अंशांना हा फरक १.४ मैल येतो, म्हणजे वळण पाऊण मिनिट लवकर आलं. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, सरकवणं एकाच लेगला (दोन वेपॉइंटमधल्या टप्प्याला) नाही, पुढच्या सगळ्या प्लॅनला लागू होतं. पुढच्या लेगच्या उजवीकडे एक उंच शिखर होतं आणि आता रेषा थेट त्याच्या दिशेने जात होती. उजेड होता, शिखर समोर दिसत होतं, ऑफसेट लगेच रद्द केला. ढगात असतो तर? प्रत्येक वळणाआधी पुढच्या लेगची सरकवलेली बाजू तपासा, नाहीतर वळणाआधीच रद्द करा.

आयएफआरवर, म्हणजे उपकरणांच्या आधाराने उडत असाल तर कंट्रोलरची मंजुरी आधी. मार्गाची किमान उंची मार्गाच्या ठरावीक रुंदीपुरतीच सुरक्षित असते, हेही डोक्यात असू द्या. सागरी हवाई क्षेत्रात मात्र वेगळी पद्धत आहे. उत्तर अटलांटिकवर विमानं मार्गाच्या उजवीकडे दोन मैलांपर्यंत, मैलाच्या दशांशाच्या टप्प्यांनी, मंजुरी न मागता सरकतात. डावीकडे कधीच नाही. त्यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. जीपीएस इतका अचूक झाला आहे की, उंचीची चूक झाली तर दोन विमानं नेमकी एकाच रेषेवर येतात. २९ सप्टेंबर २००६ रोजी ॲमेझॉनच्या जंगलावर एक बोइंग ७३७ आणि एक छोटं जेट एकाच मार्गावर, एकाच उंचीवर, समोरासमोर आली. बोइंगमधले १५४ जण गेले. तेव्हापासून गजबजलेल्या मार्गावर व्हीएफआर उडताना मी नेहमी मैलभर उजवीकडे राहतो.

शोधमोहिमेसाठी समांतर पट्ट्यांनी उडायलाही हे फीचर वापरता येतं, पण आमच्या उपकरणात टप्पा पूर्ण मैलाचा आहे आणि लहान वस्तू शोधायला तो फार मोठा पडतो. उतरायला सुरुवात करताना ऑफसेट रद्द झाल्याचं आम्ही दोघांनी मोठ्याने म्हटलं आणि स्क्रीनवर पाहून खात्री केली. आता ते चेकलिस्टमध्ये पेनाने लिहून ठेवलं आहे, उतरणीच्या पहिल्याच ओळीत.