यादीत फक्त सीडी दिसत होती

कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभा असलेला कर्नल कोसळून मशीन थांबणं, मी नोकरीत बरेच पाहिलेत. त्या रात्रीचा वेगळा होता, कारण कोसळलेला कर्नल मीच बांधलेला होता.

एका दूध संघाच्या संगणक विभागात मी काम करतो. गावोगावच्या संस्थांमध्ये सकाळी साडेपाचला संकलन सुरू होतं. काट्यावर लिटर, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), आणि प्रत्येक उत्पादकाची नोंद लगेच आमच्या सर्व्हरवर. सर्व्हर बंद असला तर संस्थेचे सचिव वहीत लिहून घेतात, मग दिवसभर बसून ती वही टायपायची. त्यात एक आकडा इकडचा तिकडे झाला की दहा दिवसांच्या बिलात दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या कुणाचे तरी पैसे कमी पडतात. त्यामुळे आमच्याकडे ‘डाउनटाइम’ हा शब्द कुणी हलक्यात घेत नाही.

संकलनाचा हा सर्व्हर म्हणजे डेबियन या लिनक्स वितरणाची एक व्हर्च्युअल मशीन, सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, व्हीएमवेअरवर चालणारी. खालच्या जुन्या होस्टच्या, म्हणजे तिला चालवणाऱ्या खऱ्या संगणकाच्या, रेड-5 या अनेक डिस्क जोडून केलेल्या साठ्यातली एक डिस्क गेलेली होती आणि दुसरी चुका दाखवायला लागली होती. नवीन होस्ट आम्ही केव्हीएमवर, म्हणजे व्हर्च्युअल मशिनी चालवायच्या लिनक्सच्याच सोयीवर, उभा केला. बाकीच्या मशिनी आठवड्याभरात हलवल्या, कुठेही अडलं नाही. संकलनाची मशीन शेवटी ठेवली होती.

संध्याकाळचं संकलन संपल्यावर नऊ वाजता ती बंद केली. केव्हीएमच्या जोडीने चालणाऱ्या क्यूईएमयूच्या कन्व्हर्ट आज्ञेने डिस्कची इमेज नवीन होस्टवर आणायला साडेतीन तास लागले, कारण आजारी रेड मध्येमध्ये अडखळत होता. पाऊण वाजता नवीन मशीन चालू केली. कर्नल सुरू करून देणारा ग्रब आला, कर्नल लोड झाला, ओळी सरसर वर गेल्या आणि थांबल्या. ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (0,0)’.

म्हणजे कर्नल जागा झाला, पण त्याला डिस्कच सापडली नाही.

कारण मला त्याच क्षणी कळलं. 2018 मध्ये या मशीनची बूट पार्टिशन फार लहान होती आणि कर्नलच्या प्रत्येक अपडेटला ती भरायची. तेव्हा मी 4.9 चा सोर्स घेतला आणि ‘लोकलयेसकॉन्फिग’ चालवलं. ही आज्ञा चालू मशीनवर त्या घडीला कोणकोणते मॉड्यूल (डिस्कवर वेगळ्या फाइलमध्ये असलेले ड्रायव्हर) लोड आहेत ते बघते, तेवढेच ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये बसवते आणि बाकीचे मॉड्यूल वगळते. बूटच्या सुरुवातीला मॉड्यूल पुरवणाऱ्या इनिट्रॅमएफएसची गरजच उरली नाही. कर्नल छोटा झाला, बूट झटपट व्हायला लागलं. डेबियनचा मूळ कर्नल मी काढून टाकला, जागा मोकळी केली आणि त्याचं मला कौतुकही वाटलं होतं.

पण ‘त्या घडीला लोड आहेत’ म्हणजे व्हीएमवेअरच्या अंगावर लोड आहेत. डिस्कसाठी पीव्हीएससीएसआय, नेटवर्कसाठी व्हीएमएक्सनेट3. केव्हीएमच्या बाजूला हीच कामं व्हर्टआयओ करतं. कर्नलचे एक डेव्हलपर रस्टी रसेल यांचं हे काम 2008 च्या जानेवारीत, 2.6.24 मध्ये कर्नलमध्ये आलं. त्यामागचा विचार मला आजही फार आवडतो. जुन्या खऱ्या चिपची हुबेहूब नक्कल करत बसण्यापेक्षा गेस्टला, म्हणजे आतल्या मशीनला, सरळ कळू द्यायचं की तू व्हर्च्युअल आहेस, आणि मेमरीतल्या एका सामाईक रांगेतून दोघांनी देवाणघेवाण करायची. वेग मिळतो तो यामुळे. अट एवढीच की गेस्टच्या कर्नलला ती भाषा यायला हवी. माझ्या कर्नलला ती शिकवलेलीच नव्हती. आधीच्या मशिनींवर वितरणाचे मूळ कर्नल होते, त्यांच्यात व्हर्टआयओ असतंच, म्हणून ते सगळे बिनबोभाट उठले. आणि त्या यशामुळेच मी या मशीनची कॉन्फिग फाइल उघडून पाहिली नव्हती. मशिनी हलवायचं व्हर्ट-व्हीटूव्ही हे हत्यार वापरलं असतं तर गेस्टच्या कर्नलमध्ये व्हर्टआयओ आहे का हे त्याने आधी तपासलं असतं. घाईत मी तेही टाळलं.

जुना होस्ट परत चालू करून मशीन तिथेच उठवणं हा एक मार्ग होता. पण साडेतीन तासांच्या वाचनाने दमलेल्या त्या रेडवर सकाळच्या चार-पाचशे संस्थांचा भार टाकायची माझी छाती होईना. दुसरा मार्ग रेस्क्यू आयएसओचा, म्हणजे अडलेली मशीन बाहेरून उठवायच्या डिस्क-इमेजचा. ती असलेली पेन ड्राइव्ह पुण्यात राहिली होती. डाउनलोडला लावली, तर बाहेरच्या पावसात लाइन अशी रडत होती की पावणेदोन तास दाखवत होते.

माझ्याबरोबर विभागातली नवीन मुलगी होती, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेली. मी फोनवर साहेबांना परिस्थिती सांगत होतो, ती कन्सोलसमोर बसून पॅनिकच्या वरच्या ओळी वाचत होती. पॅनिक करण्याआधी कर्नल आपल्याला दिसलेल्या पार्टिशनची यादी छापतो. बहुतेकजण ती वाचत नाहीत, नजर शेवटच्या ओळीवर खिळलेली असते. माझीही तशीच होती.

‘‘सर, यादी रिकामी नाहीये. एसआर0 आहे.’’

‘‘ती सीडी गं. रिकामी ड्राइव्ह आहे ती.’’

‘‘हो, पण ती दिसतेय ना. मग ती कोणत्या ड्रायव्हरने दिसतेय?’’

मी फोनवर ‘‘साहेब, पाच मिनिटांत करतो’’ म्हणालो आणि ठेवला.

तिचा प्रश्न अचूक होता. व्हीएमवेअरवरच्या आमच्या मशीनला सीडी ड्राइव्ह होती, ती आयडीई या जुन्या जोडणीवर बसलेली होती आणि तिच्यासाठी ‘एटीए-पिक्स’ ड्रायव्हर आपोआप लोड होतो. 2018 मध्ये तोही लोड होता, त्या सीडीत कधी काही घातलं नसतानाही. म्हणून लोकलयेसकॉन्फिगने तो उचलला. इकडे नवीन मशीनसाठी आम्ही आय440एफएक्स हा जुना प्रकार निवडला होता. 1996 च्या इंटेल चिपसेटची ही नक्कल, आणि तिच्यातला आयडीई कंट्रोलर याच ड्रायव्हरला ओळखता येतो. क्यू35 हा नवा प्रकार निवडला असता तर आयडीई मिळालाच नसता.

‘वर्श एडिट’ने मशीनची रचना लिहिलेली एक्सएमएल फाइल उघडली. डिस्कचा बस ‘व्हर्टआयओ’ होता तो ‘आयडीई’ केला, नाव व्हीडीए ऐवजी एचडीबी केलं, कारण एचडीएवर सीडी बसलेली होती. खालची पत्त्याची ओळ पुसली, ती ठेवली तर मशिनी सांभाळणारं लिबव्हर्ट अडतं. मशीन चालू केली. नवीन एटीए ड्रायव्हर आयडीईच्या डिस्कलाही एसडीएच म्हणतात, त्यामुळे ग्रबमध्ये लिहिलेलं ‘रूट=एसडीए1’ जसंच्या तसं लागू पडलं. एक वाजून पंचावन्न मिनिटांनी लॉगिन आलं. ती टाळ्या वाजवायला लागली. मी तिला थांबवलं, कारण नेटवर्क कार्ड दिसत नव्हतं आणि आमच्या होस्टच्या क्यूईएमयूत व्हीएमएक्सनेट3 ची नक्कल बसवलेली नव्हती.

आता कर्नल नव्याने बांधायचा होता, आणि त्यासाठी लागणारं सगळं त्या मशीनवरच होतं. सोर्सचं फोल्डर 2018 मध्ये मी तसंच सोडलं होतं, कंपायलरसकट. कर्नलचे पर्याय निवडायचं मेनूकॉन्फिग उघडून ती थेट ब्लॉक डिव्हाइसच्या भागात गेली.

‘‘सर, इथे व्हर्टआयओचा पर्यायच नाही.’’

तो दिसणारच नव्हता. ब्लॉक ड्रायव्हर व्हर्टआयओच्या गाभ्यावर अवलंबून असतो आणि तो गाभा पीसीआयचा व्हर्टआयओ ड्रायव्हर निवडल्यावरच चालू होतो. आधी ‘व्हर्टआयओ ड्रायव्हर्स’मध्ये जाऊन पीसीआय निवडायचं, मग ब्लॉक आणि नेटवर्कच्या ओळी आपापल्या जागी उगवतात. एखादा पर्याय मेनूत नाही म्हणजे या कर्नलमध्ये तो नाहीच, असं समजून लोक परत फिरतात. तिरकी रेघ दाबून नाव शोधलं की तो कशावर अवलंबून आहे ते लिहिलेलं सापडतं.

तिने ब्लॉक ड्रायव्हरला ‘एम’ दिलं, मॉड्यूल म्हणून. मी म्हणालो, ‘‘इथे नको. मॉड्यूलची फाइल कुठे असते?’’

‘‘डिस्कवर.’’ एक क्षण थांबून तीच म्हणाली, ‘‘आणि डिस्क वाचायलाच तो लागतो.’’

किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घेतल्यासारखं. इनिट्रॅमएफएस असतं तर ‘एम’ चाललं असतं, आमच्याकडे ते नव्हतं. पीसीआय, ब्लॉक, नेटवर्क तिन्हींना तारा दिला, म्हणजे ते थेट कर्नलमध्येच बसतात. केव्हीएम गेस्टचा पर्यायही घेतला, त्याशिवाय केव्हीएमचं घड्याळ मिळत नाही आणि संकलनाच्या नोंदीवर वेळ छापली जाते. ग्रबमधून ‘एसडीए1’ काढून पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा ओळख-क्रमांक लिहिला, म्हणजे डिस्कला उद्या कोणतंही नाव पडलं तरी रूट सापडेल.

कंपाइल व्हायला पंचवीस मिनिटं लागली. डाउनलोड अजून अर्ध्यातच होतं. डिस्क पुन्हा व्हर्टआयओवर आणली, मशीन उठवली. यावेळी व्हीडीए1 दिसली आणि ती थेट लॉगिनपर्यंत गेली. नेटवर्क मात्र मुकंच. तासाभरात दुसऱ्यांदा छाती धडधडली, पण हे साधं निघालं. व्हीएमवेअरवर कार्डचं नाव ईएनएस192 होतं, इथे ते ईएनएस3 झालं होतं आणि सेटिंगच्या फाइलमध्ये जुनंच नाव होतं. एक शब्द बदलला.

साडेतीनला डेटाबेस तपासून झाला. संध्याकाळची शेवटची नोंद जशी होती तशी होती. तिला मी घरी जायला सांगितलं, ती गेली नाही. पाच वाजून एकतीस मिनिटांनी पन्हाळ्याच्या बाजूच्या एका संस्थेतून पहिली नोंद आली. म्हैस, 4.5 लिटर, फॅट 7.2.

त्या आठवड्यात मशीनची बूट पार्टिशन वाढवली, डेबियनचा मूळ कर्नल परत बसवला आणि ग्रबमध्ये दोन्ही ठेवले. माझ्या कॉन्फिग फाइलमधून व्हीएमवेअरचे जुने ड्रायव्हर आता काढून टाकावेत म्हणून मी बसलो होतो. ती शेजारी उभी होती.

‘‘राहू द्या ना सर. कितीशी जागा घेतात?’’

राहू दिले.