तुम्ही विचारलंत म्हणून: डायलिसिस सुरू झालं, आता काय काय बंद करायचं?

डायलिसिस विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना रुग्णाच्या घरच्यांकडून हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्यामागची काळजी मला समजते. परंतु पोटात पुरेसे जाते आहे का, हे माझ्या मते आधी विचारायला हवे.

मूत्रपिंडांचे काम मंदावू लागले की डायलिसिसपूर्वीच्या काळात प्रथिने कमी करायला सांगितले जाते, कारण त्यांच्यापासून तयार होणारा युरिया शरीराबाहेर टाकणे त्या मूत्रपिंडांना झेपत नाही. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र हा सल्ला उलटा होतो. रक्त यंत्रातून फिरताना युरियाबरोबर अमिनो आम्लेही, म्हणजे प्रथिनांचे घटक, निघून जातात, प्रत्येक वेळी साधारण 6 ते 12 ग्रॅम. पोटात द्रव सोडून केल्या जाणाऱ्या डायलिसिसमध्ये तर रोजच प्रथिने वाहून जातात. ही तूट भरून काढायची तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. तरीही पथ्याचा जुना कागद घरात तसाच चालू राहतो, आधीच तोंडाची चव गेलेली असते, आणि माणूस खंगत जातो.

हे खंगणे काट्यावर दिसेलच असे नाही. स्नायू झिजतात, तेवढेच पाणी अंगात साठते आणि आकडा जिथल्या तिथे राहतो. म्हणून मी कानशिलांजवळ पडलेले खळगे पाहते, दंड हाताने चाचपून पाहते आणि अंगठी किंवा बांगडी सैल झाली का, हेही विचारते. मांस कमी झाल्यावरही ‘ड्राय वेट’, म्हणजे जास्तीचे पाणी काढून टाकल्यावरचे वजन, जुनेच धरले, तर जास्तीचे पाणी अंगातच राहते, रक्तदाब चढतो आणि रात्री आडवे झाले की धाप लागते.

पथ्य अर्थातच आहे. पाण्यावर कितीही पहारा ठेवला तरी खारट खाल्ल्यावर तहान लागणारच, तेव्हा आधी मीठ आवरावे. पोटॅशियम वाढत असेल तर भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी टाकून द्यावे. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ मात्र घरात आणूच नये, कारण त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते आणि वाढलेले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते.

रक्तातला फॉस्फरस वाढेल या भीतीने डाळी आणि अंडी सोडणारे पुष्कळ भेटतात, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. डाळींतला फॉस्फरस शरीरात निम्म्याहूनही कमी शोषला जातो, तर पाकीटबंद पदार्थांत आणि काही काळ्या शीतपेयांत मिसळलेले फॉस्फेट जवळजवळ सगळेच शोषले जाते. सोडायचे ते हे. फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी अन्नाबरोबरच काम करते. ती घास घेताना घ्यावी. उपाशीपोटी घेतली तर तिचा उपयोग होत नाही.