तुम्ही विचारलंत म्हणून : वीस माउंटन

पुण्यातल्या एका खेळांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर काही रविवारी दुपारी ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धा भरतात आणि गेली दोन वर्षे मी तिथे एकच डेक, म्हणजे पत्त्यांचा जोड, घेऊन जातो. समोर बसणाऱ्याच्या डेकची किंमत बहुधा चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असते. माझ्या साठ पत्त्यांना, स्लीव्ह (पत्त्यांवरची प्लास्टिकची आवरणे) धरून, चार हजारांहून कमी रुपये लागले. त्यामुळे फेरी संपून पत्ते आवरताना एक प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात कुचकेपणा नसतो : ‘इतक्या स्वस्त डेकने खरोखर जिंकता येते का, की तुम्ही नुसती हौस म्हणून येता?’ घरी हाच प्रश्न ‘अजून किती दिवस पत्ते कुटत बसणार?’ अशा रूपात विचारला जातो, परंतु त्याचे उत्तर वेगळे आहे आणि ते इथे देत नाही.

आकड्यांत सांगायचे तर, दहा-पंधरा खेळाडू जमले की चार फेऱ्या होतात आणि त्यांपैकी बहुतेक वेळा मी दोन जिंकतो, क्वचित तीन. चारही फेऱ्या माझ्या नावावर लागल्या असे एकदाच घडले, आणि त्या दिवशी खेळाडूंची संख्या विषम असल्यामुळे एका फेरीत मला बाय, म्हणजे न खेळताच विजय, मिळाला होता. म्हणजे जिंकता येते. मात्र कशामुळे येते आणि कुठे अडते, हे जरा सविस्तर सांगावे लागेल.

आम्ही खेळतो तो प्रकार ‘मॉडर्न’. प्रत्येकाला २० लाइफ, सुरुवातीला हातात ७ पत्ते, आणि जो समोरच्याला शून्यावर आणेल त्याचा डाव. तीनपैकी दोन डाव घेईल त्याची फेरी. माझा डेक ‘बर्न’ या नावाने ओळखला जातो. त्यात २० माउंटन, म्हणजे लाल रंगाचे पत्ते टाकायला बळ पुरवणाऱ्या साध्या ‘जमिनी’, आहेत, आणि उरलेल्या ४० पत्त्यांपैकी बहुतेकांचे काम एकच : समोरच्याचे ३ लाइफ कमी करणे. ‘लाइटनिंग बोल्ट’ एका माउंटनच्या बळावर ३ लाइफ घेतो, ‘लाव्हा स्पाइक’ही तेवढेच घेतो, आणि ‘रिफ्ट बोल्ट’ आज बाजूला ठेवला की पुढच्या पाळीला तेच करतो. सात पत्ते गुणिले तीन म्हणजे एकवीस; या डेकचे सगळे तत्त्वज्ञान या पाढ्यात मावते. साठात वीस माउंटन असल्यामुळे दर तीन पत्त्यांमागे सरासरी एक माउंटन हाती येतो. पहिली पाळी माझी असेल तर चौथ्या पाळीपर्यंत मी दहा पत्ते पाहिलेले असतात, आणि त्यांत मारा करणारे सहा किंवा सात असतात. सहाच असले तर बेरीज अठरावर थांबते आणि दोन कमी पडतात.

हे दोन कोण भरून काढतो, तर समोरचाच. मला या खेळात सर्वांत गंमत वाटते ती इथे. दोन-तीन रंगांच्या महागड्या डेकला योग्य रंग वेळेवर मिळावा म्हणून महागड्या जमिनी लागतात. ‘एरिड मेसा’ ही अशी एक जमीन. एक लाइफ देऊन ती मोडायची आणि डेकमधून माउंटन किंवा (पांढऱ्या रंगाची) प्लेन्स या प्रकारांतली हवी ती जमीन शोधून आणायची. शोधून आणलेली ‘सेक्रेड फाउंड्री’ त्याच पाळीत वापरायची असेल तर आणखी दोन लाइफ द्यायचे. एक आणि दोन मिळून तीन. पहिल्याच पाळीला समोरच्याने हे दोन पत्ते झोकात टाकले, लाइफच्या फाशावर २० चे १७ केले, की त्याने माझ्या वतीने स्वतःवर एक लाइटनिंग बोल्ट टाकलेला असतो, आणि त्या बोल्टचे पैसेही त्यानेच भरलेले असतात. माझे माउंटन काही मागत नाहीत.

किमतीविषयी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. पत्ता महाग असतो तो जोरकस असतो म्हणूनच असे नाही. तो किती छापला गेला आणि किती जणांना हवा आहे, यावर भाव ठरतो. लाइटनिंग बोल्ट हा १९९३ च्या पहिल्या संचापासून आहे, तो ‘कॉमन’ म्हणून छापला गेला आणि पुढे अनेकदा छापला गेला. तीस वर्षांनंतरही एका माउंटनमध्ये त्याहून चांगले काही मिळणे कठीण आहे, आणि तरीही तो चहा-वड्याच्या पैशांत येतो. एरिड मेसा २००९ साली ‘झेंडिकार’ संचात ‘रेअर’ म्हणून आली, २०२१ मध्ये ‘मॉडर्न होरायझन्स २’ मध्ये पुन्हा छापली गेली, पण ती असंख्य डेकना लागते आणि प्रत्येकाला एक नव्हे, चार हव्या असतात. माझ्याकडचे निम्मे पत्ते तर इतर खेळाडूंनी बूस्टर (पत्त्यांची बंद पाकिटे) फोडून नको म्हणून टाकलेल्या खोक्यांतून निवडलेले आहेत.

म्हणून स्वस्त डेक म्हणजे महागड्या डेकची हलकी नक्कल, असे जे समजतात त्यांना मी कळकळीने थांबवतो, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीला मी तीन रंगांचा एक डेक जमवला होता. त्यातले मोठे पत्ते कसेबसे मिळवले आणि जमिनींवर मात्र काटकसर केली. स्वस्त दुरंगी जमिनी टेबलावर आडव्या येतात, म्हणजे त्या पाळीत वापरता येत नाहीत. त्यामुळे दर डावात मी एक पाऊल मागे राहत असे आणि शेवटी हातात चार उत्तम पत्ते धरून हरत असे. अर्धा महागडा डेक हा माझ्या मते सर्वांत वाईट सौदा आहे. त्यापेक्षा ज्याची मूळ योजनाच साध्या पत्त्यांवर उभी आहे असा डेक पूर्ण करावा.

पैशाने या खेळात मिळतात ते पर्याय, आणि पर्याय नसल्याची किंमत मीही मोजतो. ‘सिअरिंग ब्लेझ’ हा माझ्या डेकमधला एक पत्ता घ्या. दोन माउंटनमध्ये तो समोरच्या खेळाडूवर १ आणि त्याच्या एका प्राण्यावर (हल्ल्यासाठी टेबलावर मांडलेल्या पत्त्यावर) १ असा मारा करतो. परंतु त्या पाळीत तुमची एखादी जमीन टेबलावर आली असेल तर हेच आकडे ३ आणि ३ होतात. ज्याच्याकडे एरिड मेसा आहे तो ती टेबलावर तशीच ठेवतो, समोरच्याच्या पाळीत हवी तेव्हा मोडतो आणि नेमक्या क्षणी सिअरिंग ब्लेझ टाकतो. मला ते फक्त माझ्या पाळीत जमते, आणि तेसुद्धा हातात एखादा माउंटन शिल्लक असेल तर.

गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या फेरीतल्या निर्णायक डावात समोरच्याचे ३ लाइफ उरले होते, त्याच्यासमोर एक प्राणी होता, माझ्यासमोर तीन माउंटन होते आणि हात रिकामा होता. मी पत्ता ओढला, तो माउंटन निघाला, आणि दुसरे काहीच करता येत नाही म्हणून मी तो सवयीने टेबलावर ठेवला. चौथ्या माउंटनची मला काडीचीही गरज नव्हती. माझे सगळे पत्ते तीन माउंटनांत भागतात. पुढच्या पाळीला सिअरिंग ब्लेझ आला. हातात माउंटन असता तर तीनचे शून्य झाले असते. नव्हता, म्हणून तीनचे दोन झाले. समोरच्याने प्राणी पुढे सरकवला, मी पत्ते गोळा केले. त्याला माझी चूक कळलीसुद्धा नाही, पण मागे उभ्या असलेल्या कॉलेजातल्या एका मुलाने ‘काका, तो माउंटन...’ एवढेच म्हटले आणि तो गप्प बसला. तेव्हापासून तीन माउंटन मांडून झाले की चौथा मी हातात धरून बसतो. त्याचा एक अनपेक्षित फायदाही झाला : समोरच्याला तो पत्ता बोल्ट वाटतो आणि तो उगाच जपून खेळतो.

उलट बाजूचा प्रसंगही सांगतो, नाहीतर मी रडगाणे गातो आहे असे वाटेल. लाल-पांढऱ्या डेकमध्ये २०२४ पासून ‘फ्लेज’ नावाचा एक राक्षस दिसतो; तो टेबलावर येताच कुणावर तरी ३ चा मारा करतो आणि मालकाला ३ लाइफ मिळवून देतो. बर्न खेळणाऱ्याला हे तीन लाइफ म्हणजे हातातला एक पूर्ण पत्ता पुसला जाणे. समोरच्याचे ८ लाइफ होते. माझ्यासमोर तीन माउंटन, हातात रिफ्ट बोल्ट, लाइटनिंग बोल्ट आणि ‘स्कलक्रॅक’. हा स्कलक्रॅक ३ लाइफ घेतोच, शिवाय त्या पाळीत कुणालाही लाइफ वाढवू देत नाही. एका माउंटनवर मी रिफ्ट बोल्ट बाजूला ठेवला आणि दोन माउंटन उभे, म्हणजे न वापरलेले, ठेवून पाळी सोडली. हात शिवशिवत होते, परंतु स्कलक्रॅक आत्ताच टाकला असता तर तो केवळ तीनाचा पत्ता ठरला असता. समोरच्याने फ्लेज टाकला, त्याने ३ चा मारा माझ्याकडे वळवला आणि लाइफचा फासा उचलला. तो फासा हातात असतानाच मी स्कलक्रॅक दाखवला. आठाचे अकरा व्हायचे ते पाच झाले. माझ्या पाळीच्या आरंभी रिफ्ट बोल्टने पाचाचे दोन केले, आणि उरलेल्या दोनांसाठी लाइटनिंग बोल्ट होताच.

पर्याय कमी असले की जे तीन-चार निर्णय उरतात ते फार जड होतात, एवढाच याचा अर्थ. बोल्ट प्राण्यावर टाकायचा की खेळाडूवर, स्कलक्रॅक आत्ता की त्याच्या पाळीत, माउंटन मांडायचा की धरायचा. माझा सगळा अभ्यास याच्या पलीकडे जात नाही, आणि दोन वर्षांत डेक न बदलल्यामुळे तो बऱ्यापैकी पक्का झाला आहे. काही सामने मात्र कितीही अभ्यास केला तरी हातातून गेलेलेच असतात. समोरच्याने सुरुवातीच्या हातातूनच ‘लेलाइन ऑफ सँक्टिटी’ मांडली, की माझे जवळजवळ सगळे पत्ते त्याच्यावर रोखताच येत नाहीत, आणि तिला हटवायला लागणारा रंग माझ्याकडे नाही. अशा वेळी मी दुसऱ्या डावासाठी पत्ते पिसायला घेतो आणि समोरच्याला चहा विचारतो.

हे ऐकून ज्यांना असा डेक जमवावासा वाटतो, ते शेवटी एकच विचारतात : आधी काय घ्यावे? आधी स्लीव्ह घ्याव्यात, कारण मळके पत्ते ओळखू येतात आणि त्यावरून उगाच वाद होतात. मग चार लाइटनिंग बोल्ट, मग बाकीचे, सवडीने. माउंटन मात्र विकत घेऊ नयेत; आमच्या दुकानात काउंटरखाली त्यांचे एक मोठे खोके पडलेले असते, आणि मागितले की वीस मोजून देतात.